पाठीवरची टकटक

ओशचं इस्पितळ, बुधवार

आई, तुला कान्यशायचा सलाम.

मी बरी आहे. छातीत पाणी झालंय, म्हणून धाप लागायची. तू अस्वलाची चरबी चोळलीस, त्यात तुझी चूक नाही. सगळ्यांना सर्दीच वाटली होती.

तू घोडीच्या दुधाची कातडी पिशवी टकटक वाजवून किती भरली ते बघतेस ना, तशी इथले डॉक्टर माझी पाठ वाजवतात. "पुन्हा भरलीस की गं!" म्हणतात आणि सुईने पाणी काढतात. तेवढ्यापुरती झोप लागते.

घोडी व्याली का? माझ्या वाट्याचं दूध यंदा धाकटीला दे.

आज धाप फार होती. मी पाठ पुढे केली, तर डॉक्टरांनी वाजवलीच नाही, सुईही आणली नव्हती. नुसता हात ठेवून उभे राहिले.

काळजी करू नकोस. हात उबदार होता.

तुझीच,
कान्यशाय