अण्णा, फक्त कडेला

७ डिसें., रविवार
परभणीहून पालमच्या एसटीने गावी. अण्णांचा फोटो काढून पुढच्या खोलीत लावायचा म्हटलं, तर नेहमीचंच. "भिंतीला मेलेल्या माणसाचा फोटू लावतेत. मी गेलो काय?" वय सत्तर, आणि घरात वडलांचा फोटो एकच, आधार कार्डावरचा. त्यातही चोर दिसतात. मला हवाच आहे. मी पण त्यांचीच लेक.
बैलांचे मात्र हवे तेवढे काढ म्हणाले. काढले.

९ डिसें.
शाळेत चित्रकलेच्या सरांना दाखवले. हसून हसून बेजार. लाल्या बैलाच्या डोक्यातून विजेचा खांब उगवलाय, सोन्या बैलाची शेपटी गायब. सरांनी मोबाइलच्या कॅमेऱ्यात उभ्या-आडव्या रेघा लावून दिल्या. "मॅडम, मुख्य ते मधोमध कोंबू नका, रेघेवर ठेवा. खाली बसा, मागे आभाळ येऊ द्या. कडेला असलं तरी नजर बरोबर तिथं जाते."
कडेला असलं तरी! रविवार कधी येतोय असं झालंय.

१४ डिसें., रविवार
कोवळं ऊन. ज्वारीच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बैल उभे. मी धुळीत उकिडवी, साडीचं वाटोळं. अण्णांच्या हाती कासरा.
"मी येत न्हाई ना फोटूत?"
खोटं बोलवेना. "येताय. कडेला."
"कडेला? मग चालतंय."
उजव्या रेघेवर अण्णा, एक हात लाल्याच्या पाठीवर, बैलांकडे बघून हसतायत. खांब नाही. शेपट्या शाबूत. एसटीत सात वेळा बघितला. बी.एड.च्या निकालालाही एवढी खूश नव्हते.

२१ डिसें., रवि.
फ्रेम नेली. "बैल झकास आलेत," म्हणत अण्णांनी स्वतः खिळा ठोकला. मी फ्रेम अडकवली.

२८ डिसें., रवि.
सेलूची आत्या आली. फ्रेमपुढे उभी राहिली अन् म्हणाली, "अगं, बैल ऱ्हाऊ दे, नजर आधी दादावरच जायलीय की!"
संपलं सगळं.
अण्णा किती तरी वेळ बघत राहिले. मग हातोडी मागितली. मी दिली, आणि चहाच्या निमित्ताने आत पळाले. ठोक्यांचे आवाज. बाहेर बघायची छाती होईना.
"इकडं ये. लांबून बघ बरं, वाकडा तर न्हाई?"
फ्रेम वीतभर वर गेलेली! आत्याला सांगत होते, "बैलाचाच फोटू हाय. मी आपला कासरा धराया हुतो."
वाकडाच होता. सरळ आहे म्हटलं.
त्यांचं मन कधी फिरेल सांगता येत नाही. हातोडी पिशवीत घालून परभणीला घेऊन आलेय.