हातपंपाची बाटली

११ फेब्रुवारी

जानरावनं आज पुन्हा विचारलं. पायावर सूज आलीय त्याच्या, चपलेत पाय बसत नाही. म्हणाला, "यंदाबी कार्ड हिरवंच हाय ना बे, वामन्या? पेऊ ना पाणी?"

"पे बिनधास्त," मी म्हणालो आणि गाडीला किक मारली. पहिलीपासून एका बाकावर बसलेला दोस्त. त्याच्या तोंडावर धडधडीत खोटं बोललो.

लिहूनच टाकतो. इथं कोण वाचतंय! ऑक्टोबरात पाण्याचे नमुने न्यायची गाडी आली तेव्हा सहापैकी पाच बाटल्या भरलेल्या होत्या. सहावी — जानरावच्या भीमनगरातल्या हातपंपाची — रिकामी. राहून गेली होती. ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न मारत होता. हातपंप दीड किलोमीटर लांब. मी ती बाटली ग्रामपंचायतीच्या नळाखाली धरली. धरणाचं गोड पाणी! वर चिठ्ठी चिकटवली — हातपंप, भीमनगर. तालुक्याहून रिपोर्ट आला, पिण्यास योग्य, म्हणजे हिरवं कार्ड. आमचा सगळा पट्टा खारपाणाचा, आणि त्याच्या मधोमध हा एक गोड हातपंप. कोणाला शंकासुद्धा आली नाही.

गावाचा जलसुरक्षक म्हणे मी. पाण्याची राखण करणारा.

१३ फेब्रुवारी

बायको, कोकिळा, म्हणाली, "कोनाशी भांडून आले काय? जेवा तरी." भांडून आलो असतो तर बरं झालं असतं.

४ मार्च

भीमनगरपर्यंत नळाची लाइन न्या, असा अर्ज जानरावच्या बायकोनं, महामायावहिनींनी, चाळीस सह्या घेऊन दिला होता. आज त्याचं उत्तर आलं. 'सदर वस्तीतील स्रोत पिण्यास योग्य असल्याने तूर्त प्राधान्य देता येत नाही.' बायकांना ते वाचून दाखवायचं काम माझ्याकडंच आलं.

वहिनींनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, "वामनभाऊ, पाणी चांगलं हाय म्हन्तात ते. मंग आमची डाळ काऊन शिजत नाही?"

"मशीनमध्ये तसं आलं," मी म्हणालो. बिचाऱ्या मशीनवर ढकलून मोकळा झालो. घरी येताना कोणी हाक मारू नये म्हणून शेताच्या वाटेनं आलो.

२१ मार्च

जानरावला गाडीवर बसवून खामगावला नेलं. मीच म्हणालो नेतो म्हणून. क्रिएटिनीन चार पूर्णांक काहीतरी, म्हणजे किडन्या खराब. डॉक्टरांनी विचारलं, पाणी कोणतं पिता? खारपाण पट्ट्यातल्या प्रत्येकाला हेच विचारतात.

जानरावनं मोबाइल काढून हिरव्या कार्डाचा फोटो दाखवला. "आमचं पाणी पास हाय, साहेब. आंधी कॅन इकत घ्याचो. पयलं हिरवं कार्ड आलं, तवापासून बंद केला. या माह्या दोस्तानंच तपासलं." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला!

डॉक्टर म्हणाले, "मग पाण्याचं कारण नसावं," आणि दुसऱ्या गोळ्यांबद्दल विचारू लागले. तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. त्या खोलीत आम्ही तिघंच होतो, याहून सोपी जागा मिळाली नसती. मी औषधाची चिठ्ठी घेतली आणि दुकान शोधायला बाहेर पडलो.

२२ मार्च

काही लिहिण्यासारखं नाही. माझं तोंडच बघवत नाही मला.

१४ एप्रिल

जयंती. दरवर्षी जातो तसा भीमनगरात गेलो. निळे झेंडे, गर्दी, पोरं नवीन कपड्यांत. जानराव खुर्चीवर बसून होता, चेहरा सुजलेला, तरी येणाऱ्या-जाणाऱ्याला जेवून जा म्हणत होता. त्याची पोरगी पुष्पांजली, नऊ वर्षांची, शरबताचा ग्लास घेऊन आली. "काका, घ्या ना." साखर भरपूर होती, तरी खाली खारट लागत होतं. पोरं दोन-दोन ग्लास पीत होती.

त्या हातपंपाचं पाणी मी आयुष्यात पहिल्यांदा प्यालो. तीन वर्षं मी त्याचा राखणदार!

१६ एप्रिल

सकाळी एकटाच गेलो. हातपंप पाच मिनिटं हापसला, नियमाप्रमाणे, आणि मग बाटली भरली. स्वतः तालुक्याला नेऊन दिली.

आता वहीत तरी खोटं नको. ऑक्टोबरात राहून गेली, असं वर लिहिलंय. खरं म्हणजे दोनदा. त्याच्या आदल्या ऑक्टोबरातही मी नळाचंच पाणी भरलं होतं. पहिलं हिरवं कार्ड त्याचंच. तेव्हा ना गाडी हॉर्न मारत होती ना काही. ऊन होतं आणि जायचा कंटाळा आला होता. आमच्या आळीतला हातपंप असता तर कंटाळा आला असता का? नसता आला. हे लिहायला मला दोन महिने लागले.

२९ एप्रिल

रिपोर्ट आला. पिण्यास अयोग्य. क्षार मर्यादेच्या किती तरी पट. हातपंपाला लाल रंग मारला, मीच मारला.

ग्रामसेवक साहेबांना सगळं सांगायचं म्हणून गेलो. पहिलं वाक्य संपायच्या आत त्यांनी हात वर केला. "वामनराव, उन्हाळ्यात पाणी खाली जातं, क्षार वाढतात. ऑक्टोबरात योग्य, एप्रिलात अयोग्य. यात गैर काय? मला पुढचं ऐकायचंच नाही." आणि ते खरंच उठून गेले. मला हायसं वाटलं — हेही लिहून ठेवतो.

१ मे

ग्रामसभा. साहेबांनी उन्हाळ्याची गोष्ट सांगितली, लोकांनी माना डोलावल्या. जानरावनंही. पाइपलाइनचा ठराव एकमतानं झाला, तोवर टँकर. टाळ्या वाजल्या. कोणीतरी म्हणालं, "वामनभाऊनं येळेवर नमुना घेतला म्हनून." मीही टाळ्या वाजवल्या.

४ मे

जानरावला सांगितलं. आता डायलिसिस लागलंय त्याला; तिथूनच आला होता, हाताला पट्टी होती. ऑक्टोबरात गाडी उभी होती, घाई झाली, बाटली नळावर भरली, असं सांगितलं. त्यानं भिंतीकडं तोंड केलं. मला वाटलं होतं शिव्या घालील, कॉलर धरील. मी त्याच तयारीनं गेलो होतो.

"मी फेब्रुवारीत तुले इचारलं व्हतं," एवढंच म्हणाला. मग म्हणाला, "जाय आता. मले झोपू दे."

महामायावहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. जायला वाट दिली.

आदल्या वर्षीचं मी सांगितलंच नाही. त्यानं विचारलं नव्हतं, अशी मी स्वतःची समजूत घातली. एक गुन्हा कबूल करून दुसरा खिशात घालून आलो. कोकिळाला वाटतंय माझं ओझं उतरलं. आज पोटभर जेवलात म्हणाली.

११ मे

महामायावहिनी घरी आल्या. लग्न होऊन गावात आल्यापासून पहिल्यांदाच आमच्या उंबऱ्याशी. हातात फाइल. पुष्पांजलीची. तिचंही क्रिएटिनीन वाढलंय.

"डॉक्टर इचारून राह्यले, पोरगी ते पाणी कितीक दिवसापासून पेते. पयलं कार्ड तं खरं व्हतं ना, भाऊ? मंजी सहा-सात महिन्याचंच ना?"

पेन उघडून उभ्या होत्या.

"नाही, वहिनी," मी म्हणालो. "दीड वर्ष लिहा."