शिदूच्या नावावरचा फंड

वाडीवरनं,
ता. ८ जानेवारी २०२४

ती. भाऊस,
रुपालीचा सा. न. वि. वि.

आमी बरी हाओत असं ल्याहायचं असतं, पन बरी न्हाई. फोन केला न्हाई म्हनून रागवू नको. फोन ह्यांच्या खिशात असतो, आन् बोलाया लागलं का सासूबाई दारात येऊन उभ्या. म्हनून दत्तोबांच्या दुधाच्या गाडीत चिठ्ठी दिलीय. माझं अक्षर वैनीला दाखवू नको, ती हसती.

दिवाळीपास्नं ह्यांनी भट्टीचं काम सोडलंय. डॉक्टर म्हनला, छातीत धूळ बसलीय, परत भट्टीपुढं उभं ऱ्हायलात तर छकुलीचं लगीन बघनार न्हाई. औषध पुण्याचं, लय म्हाग. आता फंडाचाच आधार हाय. पन ह्यांच्या संगतीचा एक जन म्हनला, नोकरीची पाच वर्सं भरली न्हाईत तर त्यातनं सरकार कर कापून घेतं. ह्यांची तीनच भरल्यात. न कापता मिळंल का, ते तू इचारून कळव.

आनखी एक. परवा हे ओसरीत बसलेलं, मी च्या घेऊन मागनं गेले. हे कुनाला तरी सांगत व्हते, का आता तूच जा कामाला, माझ्यानं व्हत न्हाई. ओसरीत कुनी नव्हतं, भाऊ. मला लय भ्या वाटतं.

माया हाय तशी ऱ्हाऊ दे.
तुझी रुपाली


देहूरोड,
ता. १५ जानेवारी २०२४

चि. सौ. रुपाली हिस,
कैलासदादाचे अ. उ. आ.

अक्षर वहिनीनेच आधी वाचलं. म्हणाली, ह्यांच्यापेक्षा बरं आहे. तेव्हा निर्धास्त लिहीत जा.

सुट्टी टाकून फंडाच्या ऑफिसात जाऊन आलो. घाबरू नकोस. पाच वर्षं एकाच कंपनीत भरावी लागतात असं नाही. आधीच्या नोकरीचं खातं आताच्या खात्याला जोडलं की दोन्हीकडची वर्षं एकत्र धरतात. विकास तुझ्या लग्नाआधी सुदुंबऱ्याच्या कारखान्यात होता ना? तो नंबर काढायला सांग. दोन्ही मिळून पाचाच्या वर जातील, मग कर लागत नाही.

एकटं बोलण्याचं मनावर घेऊ नकोस. घरी बसलेला माणूस बोलतो. मी तर कामावर असतानासुद्धा बोलतो.

छकुलीला गोड पापा.
तुझा दादा


वाडीवरनं,
ता. २९ जानेवारी २०२४

ती. भाऊस,
सा. न. वि. वि.

तुझी चिठ्ठी ह्यांना वाचून दावली, तर पांढरं फट पडले. जुनं खातं ह्यांच्या नावावर न्हाईच. ते शिदूच्या नावावर हाय.

शिदू म्हंजी माझं थोरलं दीर. मी त्यांना बघितलं न्हाई. लग्नाआधीच धरणात पवाया गेले ते आलेच न्हाईत, अंग बी घावलं न्हाई. तवा हे सतरा वर्साचं. कारखान्यात अठराच्या खाली घेत न्हाईत, म्हनून हे शिदूचं आधार कार्ड घेऊन गेले. सासूबाईंनीच काढून दिलं. म्हनल्या, नाव कामाला जातंय तवर पोरगं जितं हाय. तितं समदी ह्यांना शिदूच म्हनायची. सासूबाईंनी घरात बी तीच हाक धरली, ती आजूक तशीच हाय.

गेल्या आठवड्यात हे सोमाटण्याला एका एजंटाकडं गेले. तो म्हनला, शिदूचं पैसं बी काढून देतो, नुसता अंगठा ठेव. मशीननं तीनदा न्हाई म्हनलं. घरी येऊन ह्यांनी मला इचारलं, मशीन म्हनतं मी शिदू न्हाई, मग तितं सुदुंबऱ्याच्या भट्टीवर कोन व्हतं?

त्याच सांजंला फोनवर मेसेज आला, शिदूच्या नावानं, अंगठा जुळला न्हाई म्हनून. सासूबाईंनी वाचून घेतला आन् शिदूसाठी एक ताट जास्त वाढलं, तवापास्नं रोजच वाढत्यात. छकुलीनं त्यातला भात खाल्ला तर सासूबाईंनी तिला मारलं.

भाऊ, मी ह्यांचं नाव लग्नात घेतलं तेवढंच. आमच्यात घ्येत न्हाईत. पोरगी पप्पा म्हनती, सासूबाई शिदू. ह्या घरात ह्यांचं नाव कुनीच घ्येत न्हाई. माजा मानूस हळूहळू तिकडं चाललाय.

लवकर ल्याही.
तुझी रुपाली


देहूरोड,
ता. ३ फेब्रुवारी २०२४

चि. सौ. रुपाली हिस,
अ. उ. आ.

चिठ्ठी वाचून झोप लागली नाही. आधी कामाचं सांगतो.

शिदूच्या पैशाला हात लावू नका. ते काढायचे तर गेलेल्या माणसाला जिवंत दाखवावं लागेल, आणि त्यात विकास तुरुंगात जाईल. त्या एजंटाचं तोंड पाहू नका.

परत ऑफिसात विचारलं, नाव न सांगता. माणसाला आजारपणामुळे नोकरी सोडावी लागली, तर पाच वर्षं भरली नसली तरी कर लागत नाही. मात्र कंपनीने कारण तसं नोंदवायला हवं. नुसता राजीनामा दाखवला असेल तर कापतील. डॉक्टरचा कागद घेऊन दोघं कंपनीत जा. तू बरोबर जाच. तीन वर्षांचे का होईना, ते त्याचे स्वतःचे आहेत.

बाकीचं मला कळत नाही, बाळा. छकुलीला घेऊन इथे यायचं तर केव्हाही ये.

तुझा दादा


वाडीवरनं,
ता. ११ मार्च २०२४

ती. भाऊस,
सा. न. वि. वि.

पैसं आलं. कायबी कापलं न्हाई. पुण्याचं औषध चालू केलंय, खोकला जरा उतरलाय.

कंपनीत राजीनामाच दाखवलेला. सायबानं डॉक्टरचा कागद बघितला आन् म्हनला बदलतो, सही करा. ह्यांनी पेन घेतला, शि काढला आन् हात थांबला. साहेब बघाया लागला. मग मी नाव घेतलं. चारचौघांत, मोठ्यानं. विकास, सही करा म्हनले. लाजंनं मेल्यावानी झालं. ह्यांनी आधी मागं वळून बघितलं, कुनाला हाक मारली म्हनून. मग खोडून सही केली.

तवापास्नं मी रोज नाव घ्येती. सासूबाई कान झाकून घ्यायच्या. म्हनायच्या, नवऱ्याचं आयुष्य कमी करतीस. मी म्हनले, तुमी जित्या पोराचं केलं त्यापरीस कमीच. लय बोलले, भाऊ. त्या दोन दिस जेवल्या न्हाईत.

काल सांजंला त्यांनी जास्तीचं ताट वाढलं न्हाई. चुलीपाशी बसूनच हाक मारली, इकास, जेवाया ये. हे ओसरीत व्हते. उठले न्हाईत. दाराकडं बघाया लागले, कोन येतंय म्हनून.

मी बी बघितलं. कुनी आलं न्हाई. मग छकुलीनं हात धरून ह्यांना आत आनलं.

तुजी सावली आमच्यावर ऱ्हाऊ दे.
तुझी रुपाली