सांगितलं होतं, मास्तर

मास्तर, तुमच्या मुलानं सांगितलं म्हणून लिहितोय. आपण होऊन लिहिलं असं म्हणायची सोय नाही. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली. एवढ्या वर्षांत मी कारखान्याच्या भिंतीवर तुमचा फोटो लावला, दर खंडेनवमीला त्याला हार घातला, आल्यागेल्या व्यापाऱ्याला 'हे माझे गुरू' म्हणून दाखवला. पण तुम्हाला जे एक वाक्य सांगायचं होतं ते काही सांगितलं नाही. फोटोचं बरं असतं. तो चष्म्यावरून बघून विचारत नाही, "काय रे, तुझा कान काय म्हणतो?"

निमित्त सिनेमाचं झालं. नातीनं ओढून नेलं. एका गल्लीतली दोन पोरं, एका ताटात जेवणारी. एक जण आपली चोरी दुसऱ्याच्या अंगावर जाऊ देतो, दुसरा गाव सोडतो, आणि म्हातारपणी पहिला त्याला शोधत जातो. स्टेशनावर मिठी, मागं व्हायोलिन. मला सवयीनं माणसांआधी आवाज ऐकू येतात, तर मागच्या रांगेतल्या बाई नाक ओढत होत्या, आणि पुढचा एक जण रडू दाबायला मक्याच्या लाह्या खात होता. नात म्हणाली, "आजोबा, पाणी देऊ का?" मी म्हटलं, "एसी लागतोय गं डोळ्याला." एसी डोळ्याला कसा लागतो हे तिनं विचारलं नाही, एवढी समज तिला आहे. मिठीचं मला काही वाटलं नव्हतं. त्या सिनेमात गाव सोडलेल्याचा बाप शेवटपर्यंत जिवंत होता. खाटेवर पडून का होईना, पोराचा गुन्हा नव्हता हे त्यानं कानानं ऐकलं आणि मग डोळे मिटले. सिनेमावाल्यानं बापाला वेळेवर जिवंत ठेवला होता, मास्तर. ते मला सोसलं नाही.

मी तुमच्याकडे आलो तेव्हा चौदाचा होतो. सांगोल्याकडची मेंढरं दुष्काळात गेली, आईनं मला आणि एक पत्र्याची पेटी उचलून सोलापुरात आणलं. तुमची शेड म्हणजे सोळा माग, एका छपराखाली. पहिल्या दिवशी मला वाटलं, आत कायतरी पडतंय, धडाधड, आणि लोक पळायचं सोडून कामं करतायत. तुमचा मुलगा माझ्याच वयाचा. त्यानं माझ्याकडं बघून नुसते ओठ हलवले. मी ओरडलो, "काय?" तो हसला. त्या गोंगाटात ओरडून काही उपयोग नसतो, ओठ वाचायचे असतात, हे मला त्यानं शिकवलं. आठवड्याभरात आम्ही दोघं मागांच्या दोन टोकांना उभे राहून सबंध शेडभर गप्पा मारायचो, आणि तुम्हाला त्यातलं अक्षर कळायचं नाही असं आम्हाला वाटायचं. तुम्हाला सगळं कळत होतं. एकदा तुम्ही मागून येऊन तुमच्या तेलुगूत 'काय रे' म्हणालात, "एमिरा, माझ्या टकलावर काय लिहिलंय ते मला पण सांगा की."

माझे कान तुम्ही घडवलेत. डोळे मिटून उभा करायचात आणि विचारायचात, कुठला माग आजारी आहे. "सातवा, मास्तर." "काय होतंय त्याला?" "डावीकडचा मार कमी पडतोय." तुम्ही मान हलवायचात. तुमच्या मुलाला ते जमलं नाही. त्याचे हात चांगले होते, तुटलेला धागा असा जोडायचा की गाठ शोधून सापडू नये. पण कान नव्हता. सगळ्यांसमोर तुम्ही त्याला म्हणालात, "माझ्या पोटी बहिरा आला, आणि मेंढरामागून हे पोरगं आलं कान घेऊन." तो हसला. मीही हसलो. पण मास्तर, मला ते वाक्य आवडलं होतं. त्या वाक्यावर मी कितीतरी दिवस जगलो.

आणि तुमच्या शेडचा तो नियम. एवढ्या आवाजात 'कुणी केलं' म्हणून विचारत बसता येत नाही, म्हणून तुम्ही घालून दिलेला: ज्याची चूक, त्यानं माग बंद करून हात बांधून उभं राहायचं. बोलायचं नाही, कारणं द्यायची नाहीत. तुम्ही यायचात, बघायचात, दुरुस्त करून जायचात. मागाजवळ उभ्या माणसाला तुम्ही कधी शिवी दिली नाही. माग चालू ठेवून चूक लपवणाऱ्याला मात्र हाताला धरून फाटकाबाहेर काढायचात.

त्या दिवशी दुपारी तुमचा मुलगा जेवत होता. मी त्याच्या मागाजवळ उभा होतो. सोळाव्या वर्षी माणसाला आपल्याला सगळं येतं असं वाटतं, आणि मला तर तुम्हीच तसं सांगितलेलं. सूत घेऊन मागावर इकडून तिकडं धावणाऱ्या धोट्याला मार देणारा जो चामडी पट्टा असतो, तो मला सैल वाजला. तुम्ही चौकात चहाला गेला होतात. तुमच्याशिवाय पट्ट्याला कुणी हात लावायचा नाही हे शेडमधल्या मांजरालाही ठाऊक होतं. मी लावला. एक भोक पुढं ओढून आवळला. तुम्ही आल्यावर नुसता आवाज ऐकून ओळखाल, 'कुणी रे केलं हे, झकास झालंय' म्हणाल, एवढीच हाव. तुमचा मुलगा डबा घेऊन बसल्या जागेवरून बघत होता. तुम्हाला तो नान्ना म्हणायचा. ओठांनीच म्हणाला, "नान्ना मारतील." मी म्हटलं, "गप जेव की."

जेवून येऊन त्यानं माग सुरू केला, मी माझ्या मागावर गेलो, आणि दहा मिनिटांत मला कळलं. धोटा मागाच्या कडेच्या पेटीत जाऊन टणक वाजत होता, दगडावर दगड आपटावा तसा. मार जास्त झाला होता. मला ऐकू येत होतं, मास्तर. शेडमध्ये ते कळणारी दोनच माणसं होती, आणि त्यातलं एक चहाला गेलेलं. चार पावलं जाऊन त्याचा माग थांबवायचा होता. पण तुम्ही येऊन पट्टा बघितला असता आणि माझा हात कळला असता, म्हणून मी ऐकत उभा राहिलो. तुम्ही फाटकातून आत येत होतात तेव्हाच त्याची आई, आपल्या अम्मा, सुताच्या कांड्यांची पाटी डोक्यावर घेऊन मधल्या वाटेनं आल्या. धोटा उडाला, थेट त्यांच्या तोंडावर.

पुढचं तुम्ही बघितलंत. पण मी जसं बघितलं तसं सांगतो. त्यानं दांडी ओढून माग बंद केला आणि आईकडे धावला. तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला. तुम्ही मध्ये उभे राहिलात आणि शेडभर नजर फिरवली. पंधरा माग चालू, एक बंद. तो माग त्यानं आईसाठी बंद केला होता. तुम्ही तो नियमानं वाचलात. त्याची मान खाली होती, त्याला तुमची नजर दिसलीच नाही. मला दिसली. माझा हात दांडीवर होता. नुसता खाली ओढायचा होता. मी माग चालू ठेवला.

संध्याकाळी सिव्हिलच्या व्हरांड्यात तुम्ही मला बाजूला घेतलंत. डॉक्टरांनी डोळा गेल्याचं सांगून झालं होतं. तुमचा मुलगा भिंतीला टेकून एकच म्हणत होता, "मी हात लावला नाही, नान्ना." कुणी लावला ते म्हणत नव्हता. तुम्ही मला विचारलंत, "तुझा कान काय म्हणत होता?"

"पट्टा आवळलेला वाजत होता, मास्तर."

"मग त्याला बोलला का नाहीस?"

"सांगितलं होतं, मास्तर."

दोन शब्द आणि तुमचं नाव. तुम्ही वळलात, आणि त्याच्याशी शेवटचं जे बोललात ते तेलुगूत बोललात. तुमच्या घरात वावरून मला तेलुगू कळायला लागलं होतं, हे तुम्ही विसरला होतात. आईला आंधळं करणाऱ्यानं माझ्या दारात यायचं नाही, म्हणालात. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं तो भिवंडीला गेला.

त्याच्या जागेवर तुम्ही मला बसवलंत. जेवायला सुद्धा. अम्मा चारू-भात वाढायच्या, आंबट, कढीपत्त्याचा, तुमच्या मुलाला आवडायचा तसा. मी नेहमी त्यांच्या डाव्या हाताला बसायचो, गेलेल्या डोळ्याच्या बाजूला. एकदा पळी हातात धरून त्या सहज म्हणाल्या, "या बाजूनं तुझं तोंड दिसत नाही रे मला. बरं आहे. तिनु." खा, म्हणाल्या. मी खाल्लं. त्यांना काय माहीत होतं ते मी कधी विचारलं नाही. पुढं तुम्ही मला माग कसायचा तुमचा पान्हा दिलात. तुमच्या वडिलांचा, मुठीला घासून गुळगुळीत झालेला. म्हणालात, "हा पोराचा होता. आता तुझा." त्या पान्ह्यावर मी माग दुरुस्त करणारा जॉबर झालो, त्यावर चार माग घेतले, आता टॉवेलचा कारखाना आहे. नवीन मागांना धोटा नसतो, मास्तर. उडायला काही नाही. तुम्ही गेलात तेव्हा तुमच्या मुलाला कुणी कळवलंच नाही. मी कळवतो म्हणालो होतो. खांदा मी दिला. 'पोटचा पोरगा आला नाही बघा,' असं तुमच्या तिरडीमागून लोक म्हणत होते. माझे कान चांगले आहेत, सगळं ऐकलं.

सिनेमानंतर आठ दिवसांनी भिवंडीला गेलो. त्याच्या मुलीनं दार उघडलं. म्हणाली, "काका, बाबांना अजिबात ऐकू येत नाही. मागांनी कान गेले. समोर बसून बोला, ओठ वाचतात." तुम्ही त्याला बहिरा म्हणायचात, ते मागांनी खरं केलं. त्यानं मला ओळखलं आणि बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाला, "केवढा सुटलाय रे! टॉवेल खातो का काय?" मी हसलो. मग बोलायला लागलो. थोडं बोललो असेन, त्यानं हात वर केला. "तोंडावरचा हात काढ." मी मिशीवर हात धरून बोलत होतो, मला कळलंही नव्हतं. हात काढला. म्हटलं, "पट्टा मी आवळला होता. अन् तुला सांगितलं होतं असं मास्तरांना खोटं सांगितलं."

"मला काय सांगतोस? मी तिथंच हुतो की," तो म्हणाला. "तुझं नाव मी घेतलं न्हाय. वाटलं, तू सांगशील. दवाखान्यात वाटलं. स्टेशनावर वाटलं. कुर्डुवाडीला गाडी लई वेळ थांबली, तिथं उतरून मागच्या बाजूला बघत उभा राहिलो. कुर्डुवाडीनंतर वाटायचं बंद झालं."

मी त्याचा हात धरला. त्यानं धरू दिला, पण त्याचा हात माझ्या हातात नुसता ठेवलेला होता. सिनेमातल्यासारखं काही झालं नाही. थोड्या वेळानं त्यानं आवाज न करता, शेडमध्ये हलवायचा तसे ओठ हलवले: "नान्नाकु चेप्पु." नान्नांना सांग. मी म्हटलं, "ते कुटं हायत आता?" तर म्हणाला, "ते मला ठाव हाय. तरी सांग. मी तिकडं गेलो की पहिलं तेच विचारणार, ह्यानं सांगितलं का म्हणून."

तर सांगतो, मास्तर. पट्टा मी आवळला. चुकीचा वाजतोय हे मला ऐकू आलं. तुम्ही बघितलंत तेव्हा माझा माग चालू होता. त्याला मी काही सांगितलं नव्हतं. तुमच्या मुलानं अम्मांचा डोळा घेतला नाही, मी घेतला, आणि नंतर तुमचा मुलगाही घेतला. भीतीनं बोललो असं इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो. भीती होतीच. पण व्हरांड्यात तुम्ही त्याला न विचारता माझ्याकडं आलात, तेव्हा मला बरं वाटलं होतं.

हे पत्र तुमच्या फोटोमागं ठेवीन म्हणून लिहायला बसलो होतो. ठेवणार नाही, फोटो साफ करायला माणसं येतात, कुणी वाचलं तर. टेबलाच्या खणात राहील.

आणि अजून एक. भिवंडीला जाताना मी तुमचा पान्हा रुमालात गुंडाळून पिशवीत घेतला होता, त्याचा त्याला द्यायला. घरी आल्यावर बायकोनं विचारलं, दिला का, तर मी म्हटलं, गडबडीत पिशवीतच राहिला. राहिला नव्हता, मास्तर. दोन तास पिशवी मांडीवर होती. मी काढला नाही.