झऱ्यावरचा शिवेचा दगड

१२ ऑक्टोबर १९८५
झऱ्यावरचा शिवेचा दगड पडला! कुणाच्या तरी ट्रॅक्टरचा धक्का. शेजारच्या ओबरवाइडच्या सरपंचाला तेवढंच निमित्त हवं होतं. दूध घालायला गेले तर सगळ्यांसमोर म्हणतो, "तो दगड मुळात तिथला नव्हेच. शीव खाली, गिरणीच्या वाटेला. म्हणजे झरा आमचा."
एकवीसला, सोमवारी, नवी मोजणी. नकाशावर झरा तिकडे गेला की आमचं गाव हाझलग्रुंड कोरडं. इथला खडक चुनखडीचा, पडेल तो पाऊस गिळून टाकतो. साडेतीनशे वर्षांपूर्वी स्वीडनच्या सैन्याने गाव जाळलं, तेव्हा उरलेली चार घरं या झऱ्यासाठीच परत आली.
मी सोडणार नाही.

१३ ऑक्टोबर
चर्च सुटल्यावर फाइटकाकांना गाठलं. आमच्या शिवेच्या सात पंचांत ते थोरले. मी सातवी, आणि पहिली बाई. म्हटलं, दगडाखालच्या साक्षी बघू, वाद मिटेल.
दगड बसवताना पंच खाली खुणा पुरतात, त्याच साक्षी. काय पुरतात, कशा मांडतात, हे ज्या त्या गावच्या सात जणांनाच ठाऊक. इथेही लिहिणार नाही. शपथ ती शपथ.
काका टोपी फिरवत बसले. "राहू दे गं. आधीचे थोरले बजावून गेलेत, त्या दगडाला हात लावू नका म्हणून."
"का?"
"ते नाही सांगितलं."
मग कसं ऐकायचं?

१५ ऑक्टोबर
सात पंचांतले चौघे माझ्या बाजूने. उकरायचं.

१७ ऑक्टोबर
दोन्ही गावं जमली. पंच उकरतात तेव्हा बाकीच्यांनी पाठ फिरवायची, हा रिवाज. पाठ फिरवली तरी तोंडं चालूच! तिकडची एक म्हातारी— "आमच्या सणाला मुद्दाम शेतात शेणखत टाकता, आणि हात आमच्याच पाण्याने धुता होय?" आमच्यातला एकजण म्हणाला, "तुम्ही नाही का आमच्या गुड फ्रायडेला धुणी वाळत घालत?" चालायचंच. आम्ही लुथरचे, प्रोटेस्टंट; ते कॅथलिक.
मी गुडघ्यावर बसून हाताने माती काढली. आमची खूण नव्हती. पुन्हा चाचपलं. नाहीच. साक्ष नाही तो नुसता धोंडा.
फाइटकाका कानाशी वाकले. "आहे म्हण. कुणी बघत नाहीये."
मला रडू येत होतं. झरा हवाच होता, पण असा नाही. उठले आणि मोठ्याने सांगितलं, "आमची साक्ष इथे नाही."
तिकडे टाळ्या. आमचे लोक तसेच घराकडे वळले. त्यांचे थोरले पंच, क्रॉइलबाबा, तेवढे टाळ्या न वाजवता खड्ड्याकडे बघत उभे होते.

१८ ऑक्टोबर
बेकरीत पाव मिळाला. बोलणं नाही. धाकटी जाऊ फाटकातूनच ओरडली— "आता गाईंना तुझी शपथ पाज!"
राग आला. पण पुन्हा वेळ आली तर तेच सांगेन.

१९ ऑक्टोबर
रडून पाणी येणार नाही. परसातली आजोबांची बुजलेली विहीर आज उकरायला घेतली. खडक लागला. लागू दे.

२१ ऑक्टोबर
मोजणी संपल्यावर क्रॉइलबाबा आले. बूट चिखलाने भरलेले.
"पोरी, तू अर्धवट खणून उठलीस. स्वतःच्या गावची खूण तेवढी शोधलीस. आणखी खाली आमची आहे. सत्तेचाळीसच्या दुष्काळात तुमच्या विहिरी आटल्या, तेव्हा आमच्याच सात जणांनी दगड वर आणून बसवला. झरा तुमच्याकडे यावा म्हणून. लुथरवाल्यांना पाणी दिलं हे कळलं असतं, तर गावाने आम्हाला फाडून खाल्लं असतं. म्हणून तोंड शिवलं. तुमचे तेव्हाचे थोरले तेवढे जाणून होते. तू खरं बोललीस, म्हणून आज मोजणीवाल्यांना सांगितलं, आमची साक्ष तिथे आहे. शीव दगडाच्या जागीच राहिली, झरा तुमचाच."
त्यांना प्यायला पाणी दिलं.
पुढच्या वर्षी, त्यांच्या सणाला, माझ्या शेतात शेणखत पडणार नाही.