राजेसाहेबांचं बेट

प्रिय दादा,

आणि त्याला काम म्हणत नाहीत, हे मी अजूनही म्हणतो. पलंगावर आडवं पडून, उशीला फोन टेकवून त्या खेळातल्या बेटावर बोटाने घरं उठवायची, बंदर बांधायचं, त्या टोपीवाल्या पोपटाकडून दिवसभर 'राजेसाहेब, राजेसाहेब' करून घ्यायचं. वहिनीने शिवणयंत्रावरून विचारलं, जरा चालून येता का, तर म्हणायचं, थांब, बेटावर बंड झालंय. बंड घरात व्हायला हवं होतं. वहिनी मवाळ म्हणून तुझं राज्य टिकलं.

मीही इथे बेटच बांधतोय, पण खरं. जहाज समुद्रात वाळू ओकतं, आम्ही तिच्या कडेने दगड रचतो, आणि लाट येऊन त्यातले निम्मे गिळून जाते. डोक्यावर पोपट नाही, मुकादम असतो. संध्याकाळी हातात चमचा धरवत नाही. आणि तू मला ऐकवतोस, धक्का आधी बांधायचा की गोदाम, याला डोकं लागतं.

म्हटलं, बघू तरी केवढं डोकं लागतं. खोलीतल्या वेल्डरच्या फोनवर तो खेळ घेतला. निव्वळ फालतू. माझी माणसं कामावर जायची सोडून रस्त्यातच आडवी व्हायची, कारण स्वस्तात पडतं म्हणून मी त्यांची घरं पार डोंगराच्या टोकाला बांधली होती. आमची खोलीही कामापासून तशीच लांब आहे, पण इथे रस्त्यात झोपून दाखवा म्हणावं. शेवटी त्यांनी झारे आणि पळ्या घेऊन मला होडीत बसवलं आणि हाकललं. पोपट त्यांच्या बाजूला. वेल्डर पोट धरून हसला. मीही हसलो, हे तुला सांगायला नको होतं. दुसऱ्या दिवशी परत खेळलो, तेही.

मग एक बघितलं. त्या बेटावर गवंडी परांचीवरून पडतो ना, त्याच्या डोक्याभोवती चांदण्या फिरतात, तो उठतो, विजार झटकतो आणि शीळ घालत परत चढतो. दर वेळी. मी वेल्डरला फोन परत दिला. तू परांचीवरून पडलास तेव्हा मी खालीच सिमेंटचा माल कालवत होतो, दादा. चांदण्याबिंदण्या काही नव्हत्या.

तू दिवसभर काय बघत बसायचास ते आता कळलं. कळलं म्हणून खेळ चांगला ठरत नाही. तो गवंडी उठतो कारण त्याला हाड नाही. तुला आहे, आणि ते जुळलंय. डॉक्टर कधीचे सांगतायत, चाला. पुन्हा पडशील म्हणून तू चालत नाहीस. तर पड. धरायला वहिनी आहे.

हे सगळं फोनवर बोललो असतो, आवाज चढवून. पण वहिनी शेजाऱ्यांच्या फोनवरून म्हणाली, तुझा फोन हातातून पडून फुटला, आणि तेव्हापासून तू भिंतीकडे तोंड करून आहेस. जेवायलाही वळत नाहीस. माझं नाव काढलं तरी चिडत नाहीस. ते मला चालणार नाही. वहिनीने तुझा फोन नाक्यावरच्या दुकानात नेऊन दिलाय, आणि दुकानदाराशी मी बोललोय. तो दुरुस्त करून ठेवेल, पण वहिनीच्या हातात देणार नाही. तू स्वतः आपल्या पायांनी गेलास तरच देईल. काठी घे, भिंत धर, वाटेत बसून मला शिव्या घाल, पण जा. बेट तुझी वाट बघत असेल, बंडासकट. दुरुस्तीचे पैसे तुला नाही, त्या दुकानदारालाच पाठवतोय. साडेचार हजार.

तुझाच,
बेटावरून हाकललेला भाऊ