नॉब एकदाच

सोमवार, ३ मार्च
एकदा! गॅसचा नॉब फक्त एकदा बघायचा, दार लावायचं आणि निघायचं. जिन्यातून परत फिरायचं नाही. डॉक्टरबाईंचा गृहपाठ. शिवाय रोज सकाळी दहा मिनिटं ध्यान — ‘गॅस चालू राहिलाय’ असं मनात आलं तर येऊ द्यायचं, त्याच्याशी हुज्जत घालायची नाही.

बाबांना फोनवर सांगितलं. “नॉब बंद करायला डॉक्टर लागतो? धन्य आहे बाई तुमची!”

सोळा तारखेला लेकीचं नाटक आहे. मागच्या वर्षी मी सात वेळा घरी परत फिरले. पोचले तेव्हा पडदा पडत होता. ते अजून सलतं.

गुरुवार, ६ मार्च
चष्म्याच्या दुकानात काचा बसवते मी. तिथे नंबर तीनदा तपासला की मालक खूश. तेच घरी केलं की आजार! आज चार वेळा परत फिरले. कालपेक्षा दोन कमी.

सोमवार, १० मार्च
फजिती! दहा मिनिटांच्या ध्यानाला पन्नास मिनिटं लागली. मीच ठरवलं — वीस श्वास मोजायचे, मधेच मन भरकटलं की पुन्हा एकपासून. दुकानात उशीर झाला तो झालाच. डॉक्टरबाई खो खो हसल्या. “अहो, गॅस सोडून आता श्वास तपासायला लागलात!”

मोजणी बंद. ध्यान बिघडलं तरी दहा मिनिटांनी उठायचं. हसले मीही. घरी येऊन थोडी रडले.

शुक्रवार, १४ मार्च
बिघडलं — तरी उठले! डोक्यात घर पेटलेलं. पेटू दे. नॉब एकदाच. भीती जिन्यात शंभरपैकी नव्वद, बसथांब्यावर सत्तर. दुकानात काच घासता घासता चक्क विसरले.

रविवार, १६ मार्च
पोचले. पडदा उघडायच्या आधी!! लेक झाड झाली होती. मला बघून झाडाने हात हलवला आणि बाकीच्या झाडांनी तिला दटावलं.

शेजारची खुर्ची बाबांसाठी धरली होती. ते आले शेवटच्या प्रवेशाला, घामाघूम. म्हणे, “बस चुकली.”

सोमवार, १७ मार्च
बाबांचा फोन. बस चुकली नव्हती. “कुलूप ओढून बघत होतो गं. तुझ्या शाळेतल्या गाण्याच्या कार्यक्रमांना निघालो तरी असंच... अर्ध्या वाटेतून मागे.”

आणि मी इतकी वर्षं समजत होते, त्यांना माझं गाणं आवडत नाही.

 मग बाबांनी हळूच विचारलं — “तुझ्या डॉक्टरबाई म्हाताऱ्यांना घेतात का?”